वज्रलेप : शब्द, वस्तू आणि अजिंठा-वेरूळचा अनुभव

१

मराठीत ‘वज्रलेप’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. मूर्ती झिजू नये, तिचे कंगोरे ढळू नयेत, म्हणून तिच्यावर जो कठीण थर देतात तो वज्रलेप, हा त्याचा वाच्यार्थ. जे काही केल्या पुसले जात नाही ते वज्रलेप, हा लक्ष्यार्थ. अन्यत्र केलेले पाप तीर्थक्षेत्री नाहीसे होते, परंतु तीर्थक्षेत्री केलेले पाप वज्रलेप होते, ही समजूत जुन्या धर्मग्रंथांतून आणि कीर्तनकारांच्या मुखातून मराठी समाजाच्या कानी पडत आलेली आहे. पहिल्या अर्थी हा शब्द आश्वासन देतो, दुसऱ्या अर्थी तोच शब्द धाक घालतो. दोहोंचा आधार मात्र एकच आहे. तो म्हणजे एकदा लागले की निघावयाचे नाही, ही कल्पना.

औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, या नगराच्या परिसरात रंगवलेल्या आकृतींच्या रक्षणाचा जो दीर्घ इतिहास घडला, त्याच्या प्रकाशात ही कल्पना तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. रंग टिकावा म्हणून त्यावर काहीतरी चढवावयाचे, ही माणसाची फार जुनी आणि स्वाभाविक इच्छा होय. परंतु असा थर कोणी दिला, केव्हा दिला आणि तो पुन्हा काढता येतो की नाही, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर त्याचे बरेवाईट परिणाम अवलंबून असतात. अजिंठा व वेरूळ या दोन स्थळांनी ही गोष्ट मोठी किंमत देऊन शिकवलेली आहे.

२

वज्रलेपाची कृती वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त एका स्वतंत्र अध्यायात आलेली आहे. वराहमिहिराचा काळ इसवी सनाचे सहावे शतक. अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, कोरली व रंगवली गेली असे सामान्यतः मानतात. तेव्हा हा ग्रंथ आणि ती चित्रे यांच्यात फार मोठे कालांतर नाही.

कृती अशी आहे. कच्ची टेंभुर्णीची फळे, कच्ची कवठे, सावरीची फुले, सालईचे बी, धामणीची साल आणि वेखंड ही द्रव्ये एक द्रोण पाण्यात घालून अष्टमांश उरेपर्यंत आटवावयाची. त्या काढ्यात सरल वृक्षाचा चीक, बोळ, गुग्गुळ, बिब्बा, कुंदुरू, राळ, जवस आणि बेल यांचा कल्क मिसळावयाचा. हा लेप तापवून प्रासाद, गच्च्या, लिंगे, प्रतिमा, भिंती आणि विहिरी यांना द्यावा, आणि तो अगणित वर्षे टिकतो, असे ग्रंथकार सांगतो. त्याच अध्यायात दुसरा एक लेप येतो. त्यात लाख आणि घरातील धुराचे काजळ ही द्रव्ये आहेत. तिसऱ्यात जनावरांची शिंगे, केस व चामडे यांचा उपयोग सांगितला आहे. शेवटी आठ भाग शिसे, दोन भाग कासे आणि एक भाग पितळ यांच्या मिश्रणाचा ‘वज्रसंघात’ मयाच्या नावाने दिला आहे.

या यादीकडे केवळ ग्रंथातील चमत्कार म्हणून पाहणे योग्य होणार नाही. टेंभुर्णी, कवठ, सावर, सालई, धामण, बिब्बा, बेल ही झाडे मराठवाड्याच्या डोंगरउतारांवर आणि सह्याद्रीच्या रानात आजही परिचित आहेत. द्रव्यांची निवडही विचारपूर्वक झालेली दिसते. कच्च्या फळांतून तुरट व चिकट अंश मिळतो. राळ, गुग्गुळ आणि कुंदुरू यांच्यामुळे पाण्याला दाद न देणारा थर तयार होतो. जवसाचे तेल हवेत सुकून कठीण होणाऱ्या तेलांपैकी आहे. युरोपातील तैलचित्रकारांचे मुख्य साधन हेच तेल होते. बिब्ब्याचे झाड तर, ज्याच्या चिकापासून जपानी कारागीर आपले प्रसिद्ध रोगणकाम करतात, त्या झाडाच्याच कुळातले आहे. बिब्ब्याचा डाग कपड्यावरून जात नाही, म्हणून परीट त्याने कपड्यांवर खुणा करीत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ‘वज्रलेप’ या शब्दाला न पुसला जाणारा हा लक्ष्यार्थ चिकटला, त्यामागे अशा द्रव्यांचा प्रत्यक्ष अनुभव असणे अगदी संभवनीय आहे.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. वराहमिहिराचा लेप हा वास्तू किंवा प्रतिमा सिद्ध होत असताना द्यावयाचा लेप आहे. तो कर्त्याच्या योजनेचा भाग आहे. असा लेप त्या वस्तूच्या अंगचाच होतो. नंतरच्या काळातील रक्षकाने दिलेला लेप वेगळ्या कोटीत मोडतो, आणि या दोहोंची गल्लत करणे हेच पुढील अनेक चुकांचे मूळ होय.

३

वेरूळचे कैलास लेणे आज काळ्या पाषाणाचे म्हणून पाहणाऱ्याच्या मनात ठसते. परंतु ते तसे दिसावे अशी त्याच्या कर्त्यांची इच्छा नव्हती. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात ज्याची मुख्य घडण झाली त्या या मंदिरावर पांढरा गिलावा होता, आणि त्यावर रंग होते. शिल्पांच्या खोबणींत आणि आडोशाच्या जागी त्या गिलाव्याचे व रंगांचे अवशेष अजून दिसतात. मंडपाच्या पश्चिमेकडील प्रवेशभागाच्या छतावर तर चित्रांचे एकावर एक थर आहेत. वरचा थर जेथे गळून पडला तेथे खालचा उघडा झालेला आहे.

एकोणिसाव्या शतकातील पुरातत्त्वीय लेखनात या लेण्याचे ‘रंगमहाल’ असे लोकप्रचलित नावही नोंदलेले आहे. भाषेच्या अभ्यासकाला या नावाचे मोल विशेष वाटेल. दगडावरचा रंग बहुतांशी गेला, परंतु तो होता ही स्मृती नावाने राखली. या शिल्पांचे रंगकाम ही एकदाच उरकलेली गोष्ट नव्हती, हेही थरांवरून उघड होते. जुना रंग विटला की त्यावर नवा गिलावा आणि नवा रंग चढे. पूजास्थान चालते असेपर्यंत आकृतीचे रक्षण नूतनीकरणाने होत असे. कर्त्याच्या लेपाहून हा दुसरा प्रकार आहे; त्याला उपासकाचा लेप म्हणता येईल.

वेरूळच्या गिलाव्यासंबंधी एक महत्त्वाचे संशोधन याच नगरात झालेले आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातील रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू व अंश मिसळलेले असल्याचे दाखवून दिले. अजिंठ्याच्या गिलाव्यात तुसे, गवत व इतर वनस्पतींचे तंतू सापडतात, पण भांग आढळत नाही. आणि अजिंठ्यात किडींनी गिलाव्याचे जे नुकसान केले तसे वेरूळात दिसत नाही. या फरकाचे एक कारण भांगेच्या अंगच्या कीटकरोधक गुणात असावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे येथे रक्षण करणारे द्रव्य रंगाच्या वर नाही, तर रंगाच्या खाली, आधाराच्या पोटात आहे. रक्षणाचा विचार करताना वरच्या थराकडेच पाहण्याची जी सवय पडलेली आहे, तिला हा निष्कर्ष छेद देतो.

४

अजिंठ्याची गोष्ट याहून निराळी आहे. तेथील चित्रे सुकलेल्या गिलाव्यावर, सरसासारख्या चिकट द्रव्यात रंग कालवून काढलेली आहेत. रंगाला धरून ठेवणारा बंध दुर्बळ आणि पाण्याने सैल होणारा असतो, ही या पद्धतीची स्वाभाविक मर्यादा. तरीही उपासक निघून गेल्यावर, अनेक शतके कोणाच्याही देखरेखीविना, ही चित्रे टिकली. २८ एप्रिल १८१९ या दिवशी मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील एका रंगवलेल्या खांबावर आपले नाव व तारीख कोरून ठेवली. आधुनिक काळात अजिंठ्याचा ‘शोध’ लागल्याची ही पहिली निशाणी, आणि आधुनिक माणसाने केलेली ही पहिली इजा.

त्यानंतर नकला करून घेण्याचे युग सुरू झाले. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून जवळजवळ दोन दशके खपून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात सुमारे ३०० नकला केल्या. त्यांपैकी शंभराहून अधिक १८८५ मध्ये लंडनमधील संग्रहालयात लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. मूळ चित्रांच्या दृष्टीने मात्र या प्रयत्नाची दुसरीच बाजू महत्त्वाची आहे. धूळ आणि काजळी यांनी मंद झालेली चित्रे नकलाकारांना स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर वार्निश फासले गेले. वार्निशाने रंग तात्पुरता खुलतो. ओल्या दगडाचा रंग जसा गडद दिसतो, तसाच हा प्रकार. परंतु पाणी उडून जाते आणि वार्निश मागे राहते.

१९०९ ते १९११ या वर्षांत लेडी क्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हलदार प्रभृती तरुण चित्रकारांच्या साहाय्याने पुन्हा नकला केल्या. या विदुषीने चेन्निनो चेन्निनी या इटालियन कारागीराच्या चित्रविद्येवरील जुन्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८९९ मध्ये प्रसिद्ध केले होते. लाकडी फळ्यांवरील चित्रांना वार्निश देण्यासंबंधी चेन्निनीचा उपदेश असा की, ते जितक्या उशिरा द्यावे तितके चांगले. कर्त्याच्या हातच्या ताज्या चित्रासंबंधीही जुना कारागीर इतका सावध होता. सुमारे चौदाशे वर्षांच्या जुन्या भिंतीसंबंधी सावधगिरी किती असावयास हवी होती, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

५

अजिंठा त्या काळी हैदराबाद संस्थानात होते. संस्थानचे पुरातत्त्व खाते १९१४ मध्ये स्थापन झाले, आणि त्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी या लेण्यांची जी चिंता वाहिली ती कृतज्ञतेने स्मरावी अशी आहे. निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोघा इटालियन जीर्णोद्धारकांना पाचारण केले, आणि १९२० ते १९२२ या काळात त्यांनी येथे काम केले. भिंतीपासून सुटत चाललेला गिलावा त्यांनी पक्का बसवला, तुटक्या कडा बांधून घेतल्या. हे काम झाले नसते तर आज दिसणारी कित्येक चित्रे जमिनीवर पडून मातीमोल झाली असती. त्याबरोबरच रंग जागच्या जागी राहावेत म्हणून त्यांनी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, म्हणजे शेलॅकचा, लेप चित्रांवर दिला.

या द्रव्याच्या नावाचा प्रवास पाहण्याजोगा आहे. संस्कृत ‘लाक्षा’पासून प्राकृतांच्या वाटेने मराठी ‘लाख’ आला. तोच शब्द फारसी-अरबीतून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘लाक्का’ झाला, आणि पुढे युरोपीय भाषांतील ‘लॅक’, ‘लॅकर’ हे शब्द त्यातून निघाले. पातळ पापुद्र्यांच्या रूपात विकली जाणारी लाख ती ‘शेलॅक’. भारतातील झाडांवरच्या किड्यांनी निर्माण केलेली ही राळ परदेशी जाऊन नवे नाव घेऊन आली, आणि परदेशी तज्ज्ञांच्या हातून अजिंठ्याच्या भिंतीवर चढली. बृहत्संहितेच्या दुसऱ्या लेपातील पहिले द्रव्यही लाखच होते. परंतु वराहमिहिराने ती सिद्ध होत असलेल्या प्रतिमेसाठी सांगितली होती, आणि येथे ती जीर्ण, सच्छिद्र व धुळीने भरलेल्या चित्रावर बसली.

परिणाम काही दशकांत दिसू लागले. लाखेचा पातळ थर प्रारंभी काचेसारखा स्वच्छ असतो. कालांतराने तो पिवळा व मग तपकिरी होतो. त्याखाली अडकलेली काजळी, वटवाघळांची घाण आणि धूळ चित्राशी एकजीव होते. थर आकसतो तेव्हा दुर्बळ बंधाचे रंगही तो आपल्याबरोबर ओढतो. सर्वांत वाईट गोष्ट ही की, जुनी होत जाणारी लाख ज्या स्पिरिटमध्ये सहज विरघळत असे त्यात पुढे विरघळेनाशी होते. देताना जो लेप परत घेता येण्यासारखा होता, तो काळाच्या ओघात खऱ्या अर्थाने वज्रलेप होऊन बसतो. चेक्कोनी व ओर्सिनी यांनी अज्ञानाने वा हलगर्जीपणाने काम केले असे म्हणता येत नाही. त्या काळी युरोपातील उत्तम जीर्णोद्धारक जे करीत तेच त्यांनी केले. दोष होता तो लेप कायम टिकावा हेच ध्येय मानणाऱ्या विचाराचा.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर लेणी केंद्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे आली, आणि रसायनशाखेच्या कामाचा एक मोठा भाग जुने लेप उतरवण्यात खर्च होऊ लागला. त्यानंतर पॉलिव्हिनिल अॅसिटेट या कृत्रिम राळेचा संरक्षक थर वापरण्यात आला. म्हणजे एक लेप काढून दुसरा देण्याचा क्रम काही काळ चालूच राहिला. १९९९ पासून नवव्या व दहाव्या लेण्यांत राजदेव सिंग यांच्या देखरेखीखाली जी सफाई झाली, तिने काजळी व शेलॅक यांच्या खाली दडलेली, इसवी सनापूर्वीच्या काळापर्यंत मागे जाणारी प्राचीन चित्रे पुन्हा दृष्टीस पडली. भारतीय चित्रकलेच्या सर्वांत जुन्या अवशेषांपैकी काही अवशेष रक्षणार्थ दिलेल्या थराखालीच झाकले गेले होते, याहून या प्रश्नाचे गांभीर्य दाखवणारे दुसरे उदाहरण क्वचितच मिळेल.

६

विसाव्या शतकाच्या मध्यापासून जीर्णोद्धारशास्त्राचा विचार जगभर बदलला. चेझारे ब्रांदी यांचा जीर्णोद्धाराच्या तत्त्वांवरील ग्रंथ १९६३ मध्ये आला, तर वास्तुस्मारकांसंबंधीची व्हेनिसची सनद १९६४ मध्ये तयार झाली. याच काळात, जे केले ते पुढील पिढीला, मूळ वस्तूला धक्का न लावता, परत काढता आले पाहिजे, हे तत्त्व संग्रहालयांतून आणि प्रयोगशाळांतून मान्यता पावू लागले. पॅरालॉइड बी-७२ या नावाच्या कृत्रिम राळेला पुढे जे स्थान मिळाले ते ती सर्वांत कठीण आहे म्हणून नव्हे. वर्षे लोटली तरी ती विरघळवता येते आणि सहसा पिवळी पडत नाही म्हणून. ‘वज्रलेप’ या शब्दात जो गुण सर्वश्रेष्ठ मानला आहे, नेमका तोच गुण नव्या शास्त्राने दोष ठरवला.

असे असले तरी कर्त्याचा लेप या तत्त्वाने रद्द होत नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतील रंगीत लाकडी खेळणी किंवा तेथील गंजिफाची पाने घेतली तर हा भेद स्पष्ट होतो. तेथे चिंचोक्याची खळ, रंग आणि लाख ही एकाच रचनेची अंगे आहेत. खेळणे मुलाच्या हातात जावयाचे आणि पाने खेळणाऱ्यांच्या हातांतून फिरावयाची म्हणूनच वरचा थर दिलेला असतो. तो खरवडून काढला तर वस्तूच उरत नाही. हाताळण्यासाठी केलेल्या वस्तूचा लेप आणि केवळ पाहण्यासाठी उरलेल्या वस्तूवरचा लेप यांना एकच नियम लागू करता येत नाही.

७

खरी अडचण उपासनेतील मूर्तीसंबंधी आहे, आणि तीही या नगराशी संबंधित आहे. औरंगाबाद येथील पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांकडे महाराष्ट्रातील मान्यवर देवस्थानांच्या मूर्तींचे काम वेळोवेळी आले. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचे रासायनिक संवर्धन २०१५ मध्ये झाले. करोनाच्या साथीमुळे पंढरपूरचे मंदिर भाविकांसाठी बंद असताना, जून २०२० मध्ये, विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींना लेप देण्यात आला. पंढरपुरात यापूर्वीही असे लेप दिले गेले होते. या दोन्ही प्रसंगी वृत्तपत्रांनी आणि भाविकांनी सर्रास जो शब्द वापरला तो ‘वज्रलेप’च.

परंतु ज्याला वज्रलेप म्हणावयाचे तो काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, ही गोष्टच त्या शब्दाचा वाच्यार्थ आता उरला नसल्याचे सांगते. अभिषेकाचे पाणी, दूध, दही, गंध आणि पायांवर टेकणारी लक्षावधी मस्तके यांनी दगड झिजतो. झीज थांबवण्याचा खात्रीचा उपाय स्पर्श व अभिषेक मर्यादित करणे हा होय. कोल्हापुरात अभिषेक मूळ मूर्तीऐवजी उत्सवमूर्तीवर करण्याची प्रथा त्यातूनच पडली. पंढरपुरी मात्र पदस्पर्शदर्शन हा वारकऱ्याच्या भक्तीचा गाभा आहे. स्पर्श बंद केला तर मूर्ती राहील, पण तिचे ज्या भक्ताशी नाते आहे ते तुटेल. स्पर्श चालू ठेवला तर लेप लागणार. हा लेप मंदिर समितीला टिकाऊ हवा असतो, आणि रसायनतज्ज्ञाला तो पुढे उतरवता येण्यासारखा हवा असतो. एकच शब्द वापरणाऱ्या दोघांची अपेक्षा परस्परविरुद्ध आहे, आणि मूर्तिसंवर्धनाविषयी उठणाऱ्या वादांपैकी अनेकांचे मूळ या अर्थभेदात सापडते.

वेरूळच्या थरांचा दाखला येथे उपयोगी पडतो. कैलासाला पुनःपुन्हा गिलावा आणि रंग देणाऱ्यांनी आपला थर शेवटचा आहे असे मानले नव्हते. उपासकाचा लेप हा नूतनीकरणाचा लेप होता. त्याची मुदत त्या परंपरेला ठाऊक होती. मूर्तीवरील आजचा लेप त्या परंपरेत बसवावयाचा असेल, तर तो कशाचा आहे, केव्हा दिला, कशाने उतरेल आणि केव्हा उतरवावा, याची नोंद लेपाबरोबरच झाली पाहिजे, आणि ती भाविकांना कळेल अशा मराठीत झाली पाहिजे. त्यासाठी लागणारे शब्द भाषेत आहेत. तेल-तुपाच्या अर्थाने फारसीतून आलेला आणि मराठीत वार्निशाला रूढ झालेला ‘रोगण’, राळेसाठी ‘चंद्रूस’, चकाकीसाठी ‘जिलई’, असे शब्द कारागीरांच्या बोलीत आणि जुन्या कोशांत उपलब्ध आहेत. उतरवता येणाऱ्या थराला ‘वज्रलेप’ म्हणत राहिल्यास ऐकणाऱ्याची फसवणूक होते, आणि न उतरणारा थर खरोखरच दिला गेल्यास मूर्तीची.

अजिंठ्याच्या चित्रांवरून शेलॅक उतरवण्याचे काम त्याच्या देणाऱ्यांच्या हयातीत संपले नाही. पुढच्या पिढ्यांनी ते केले. आज दिल्या जाणाऱ्या लेपांचीही परीक्षा पुढील पिढ्याच करतील. त्यांच्या हाती केवळ थर पडू नये, त्या थराची कृतीही पडावी, एवढी अपेक्षा या इतिहासावरून निश्चितपणे करता येते.